बिनबोलावलीची मुळं

गेली सव्वीस वर्षं मी मुळं उकळते. काय काम करता असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते, कारण ‘मृदा परीक्षण सहायक’ म्हटलं की लोक जांभई देतात. मुळं धुवायची, पेराएवढे तुकडे करायचे, क्षाराच्या पाण्यात उकळायचे म्हणजे आतला रंग उतरतो. मग व्हिनेगरमध्ये साधी निळी शाई घालून त्यात पुन्हा उकळायचे. मुळाच्या आत बुरशी असेल तर ती शाई धरते आणि मायक्रोस्कोपखाली निळे धागे दिसतात. नसेल तर मूळ कोरं दिसतं. वरच्या मजल्यावर पाणी तपासणारे एक रसायनतज्ज्ञ बसतात, त्यांना सगळे पाणीवाले म्हणतात. जिन्यात भेटले की ते मला विचारतात, आज काय शिजवलंत? अकरा वर्षं हाच एक विनोद चालू आहे आणि अकरा वर्षांत मी एकदाही हसलेले नाही.

बुरशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शिळा पाव येतो. ही बुरशी वेगळी. ती मुळाच्या आत घर करते आणि धागे बाहेर मातीत लांबवर पसरते. जिथे मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणि क्षार ती झाडाला आणून देते आणि झाड तिला साखर देतं. दोघांचा व्यवहार चोख असतो. माझ्या नात्यागोत्यातल्या निम्म्या माणसांना तो तसा जमलेला नाही.

आमची लॅब आहे ती बंद पडलेल्या वीज केंद्राच्या आवारात. केंद्र चाळीस वर्षं चाललं आणि मागे राखेचा एक डोंगर ठेवून गेलं, चार मजली इमारतीएवढा. राखेत झाडाला खायला काही नाही, पाणी ठरत नाही, आणि उन्हात ती इतकी तापते की चपलेतून चटका बसतो. डोंगराच्या पूर्वेला, अगदी पायथ्याशी, जुन्या कामगारांच्या घरांची रांग आहे. तिथे शेवटून तिसऱ्या घरात माझी ताई राहते. भावोजींनी तीस वर्षं बॉयलरवर काम केलं आणि आता त्यांची छाती भात्यासारखी वाजते. वर्षातले दोन महिने पश्चिमेचं कोरडं वारं सुटतं, आणि पूर्वी ते सुटलं की सगळा डोंगर ताईच्या घरात यायचा. ओल्या फडक्यांनी खिडक्या बुजवायच्या, दिवसातून चार वेळा कठडे पुसायचे, आणि भावोजींनी उशीला टेकून बसून रात्र काढायची. त्या दोन महिन्यांत ते आडवे होऊ शकत नसत.

डोंगर हिरवा करायचा म्हणून आमचं खातं नऊ वर्षं त्यावर रोपं लावतंय. आपल्या मातीतली, आपल्याच झाडांची, निवडक रोपं. दर वर्षी ती लावायची, फोटो काढायचे, आणि चार महिन्यांनी काटक्या गोळा करायच्या. सहा वर्षांपूर्वी मात्र कोणी न लावता तिथे एक काटेरी झुडूप उगवलं. कुठल्या दूरच्या मुलखातून बी आलं कोण जाणे. रांगेतल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं बिनबोलावली. आमची रोपं जिथे मान टाकत होती तिथे ही बया मजेत वाढली, आणि सहा वर्षांत तिने तीन बाजूंनी डोंगर झाकून टाकला.

ती काही गुणाची नाही, हे आधीच सांगते. तिचे काटे पायात मोडतात, तिच्या सावलीत गवताची काडी उगवत नाही, आणि आता ती डोंगर सोडून लोकांच्या अंगणात शिरलीय. ताईच्या पाण्याच्या टाकीला तिच्या मुळांनी तडा गेला. माझी ताई म्हणजे रांगेच्या समितीची चिटणीस, आणि एकदा एखाद्याच्या मागे लागली की सोडत नाही. तिने घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि अर्ज केला की या झुडपाचा निकाल लावा.

नवे संचालक नेमक्या अशाच अर्जाची वाट बघत होते. त्यांनी योजना केली. वारं सुटण्याआधी डोंगरभर औषध फवारायचं, झुडपं वाळली की वरचा वीतभर थर खरवडून बियांसकट उचलून न्यायचा, आणि पावसाळ्यात दहा हजार रोपं लावायची. मधले दोन महिने डोंगर उघडा राहील, पण कागदावर ते दोन महिने अगदीच बारीक दिसत होते. या सगळ्याला लॅबची एक सही लागते. छापील पत्रकावर एक ओळ असते, की या थरात जपून ठेवण्याजोगं जिवंत असं काही आढळलं नाही. त्याखाली मी सही करायची.

सही करायच्या आधी मी डोंगरावर गेले. माझी ती सवय आहे. टेबलावर बसून मातीबद्दल बोलणाऱ्यांचा मला राग येतो. बिनबोलावलीची मुळं खणून आणली, उकळली, शाईत टाकली. काचेखाली बघितलं तर मुळं निळ्या धाग्यांनी गच्च भरली होती. मी सव्वीस वर्षांत इतकं भरलेलं मूळ पाहिलं नव्हतं. मग लक्षात आलं की हे झुडूप पहिल्यांदा उगवलं ते रस्त्याच्या कडेला, जिथे ट्रकच्या चाकांना चिकटून आलेली बाहेरची माती पडायची. त्या चिखलात तिला तिचा जोडीदार भेटला आणि दोघं मिळून एकेक पाऊल वर चढत गेली. राखेत एकटं कोणीच जगत नाही, आणि ही एकटी नव्हतीच.

मग मी आमची मेलेली रोपं उपटून आणली. त्यांची मुळं उकळली. कोरी. एकेक करून साठ रोपं तपासली आणि साठही कोरी निघाली. मला कळेना. रोपवाटिकेच्या साध्या मातीत ही बुरशी असतेच, मूठभर मातीतही असते, मग आमच्याच रोपांत नसायला झालं काय?

मी रोपवाटिकेत गेले. तिथले माळी माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना माळीदादा म्हणतात. ते पत्र्याच्या मोठ्या पिंपात माती भरून तिला वाफ देत होते. मी विचारलं, हे कशासाठी? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी थट्टा करतेय. मग शेडच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक पिवळा पडलेला कागद लावला होता. रोपं भरण्याआधी प्रत्येक पिंप माती तासभर वाफवावी, अपवाद करू नये. खाली माझी सही होती.

एकोणीस वर्षांपूर्वी रोपवाटिकेत मुळकूज आली होती. एका महिन्यात सगळी रोपं गेली, आणि मी तरुण होते, हुशार होते, शेफारलेली होते. रोगाची बुरशी मारायला मी वाफेचा उपाय काढला. रोग गेला. मला शाबासकी मिळाली, प्रशस्तिपत्र मिळालं, ते अजून घरात कपाटावर आहे. वाफेने वाईट बुरशीबरोबर चांगलीही मरते हे मला तेव्हाही माहीत होतं. पण रोपं बागेत जाणार होती, बागेच्या मातीत ती त्यांना पुन्हा मिळाली असती, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. दहा वर्षांनी तीच रोपं राखेवर जायला लागली. राखेत ती कुठून मिळणार? नियम बदलायचं माझ्या मनातही आलं नाही, आणि माळीदादा बिचारे इमानेइतबारे एकेक पिंप वाफवत राहिले. त्या शेडमध्ये मला स्वतःची लाज वाटली.

माळीदादांना मी काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं की मला चाळीस कुंड्या लावून द्या. चाळीसही कुंड्यांत डोंगरावरची राख भरली. वीस रोपं नेहमीच्या वाफवलेल्या मातीतली घेतली. उरलेल्या विसांच्या मुळाशी बिनबोलावलीच्या खालची मूठमूठ माती घातली, न वाफवता. अकरा आठवड्यांनी पहिल्या विसांतली तीन जगली होती, तीही पिवळी. दुसऱ्या विसांतली सतरा हिरवी होती. झुडपाचा जोडीदार आमच्या रोपांनाही चालत होता. त्याला घरचं कोण आणि परकं कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मी कुंड्या घेऊन संचालकांकडे गेले आणि माझं म्हणणं मांडलं. झुडूप डोंगरावर राहू द्या, त्याच्या मधून मधून आपली रोपं लावू, ती वाढली की झुडूप टप्प्याटप्प्याने काढू. आज फवारलं आणि थर खरवडला तर बुरशी जाईल, आणि मग दहा हजार काय, लाख रोपं लावली तरी काटक्याच हाती लागतील. शिवाय वारं सुटेल तेव्हा डोंगर उघडा असेल.

संचालक वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त एखादी गोष्ट पूर्ण झालेली दिसायला हवी असते. त्यांनी कुंड्यांचं कौतुक केलं आणि मग टेबलाच्या खणातून शेडमधल्या त्या पिवळ्या कागदाची प्रत काढली. ती त्यांना कोणी दिली मला ठाऊक नाही.

“बाई, तुमचा प्रयोग खरा धरला, तर नऊ वर्षांची रोपं तुमच्या या कागदाने मारली,” ते म्हणाले. “मी हे कुठे बोललेलो नाही. बोलायचं मला कारणही नाही. तुम्ही पत्रकावर सही करा आणि आपण दोघं पुढे जाऊ.”

आतापर्यंत मला भीती वाटत होती. त्या वाक्याने ती गेली आणि तिच्या जागी नुसता संताप उरला. माझी चूक माझ्या तोंडावर बांधून मला गप्प करायला निघाले होते.

“तुम्ही बोलू नका,” मी म्हटलं. “मीच बोलते.”

त्या संध्याकाळी ताईकडे गेले. तिला सगळं सांगितलं तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टाकीला तडा माझ्या गेलाय, काटे माझ्या पायात मोडतात, आणि माझी सख्खी बहीण त्या झुडपाची वकिली करते, असं ती भांडी आपटत म्हणाली. आता अर्ज मागे घेतला तर रांगेत तोंड कसं दाखवायचं हाही प्रश्न होता. मी तिला विचारलं, गेल्या वर्षी वारं सुटलं तेव्हा खिडकीचा कठडा किती वेळा पुसायचीस? ती म्हणाली, आठवड्यातून एकदा, का? आणि मग तिचा हात थांबला. भावोजी पलीकडच्या खोलीत पलंगावर आडवे पडून रेडिओ ऐकत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. पण माझी ताई ती, मान्य काही केलं नाही. एवढंच म्हणाली, उद्या तुमचे साहेब रांगेतल्या लोकांना योजना सांगायला सभा घेताहेत, तिला मी येणार आहे, काय बोलायचंय ते तिथे सगळ्यांसमोर बोल.

सभा आमच्या कार्यालयाच्या मोठ्या खोलीत होती. रांगेतले पन्नासएक लोक आले होते, पहिल्या ओळीत ताई, मागे भिंतीला टेकून माळीदादा, आणि कोपऱ्यात नेहमीसारखे कंटाळलेले पाणीवाले. संचालकांनी योजना सांगितली आणि पत्रक माझ्यापुढे सरकवलं. मी उभी राहिले. पेन घेतलं नाही. पर्समधून त्या पिवळ्या कागदाची नक्कल काढली आणि मोठ्याने वाचली, खालच्या सहीसकट. मग सांगितलं की हा नियम डोंगरासाठी चुकीचा होता, तो वेळेवर बदलला नाही ही चूक माझी आहे, आणि डोंगरावरची नऊ वर्षांची रोपं त्यामुळे मेली. आता जे झुडूप तिथे जगलंय ते कशामुळे जगलंय हेही सांगितलं. या पत्रकावर लिहिलंय की जपण्याजोगं काही नाही. ते खोटं आहे आणि मी त्यावर सही करणार नाही.

खोलीत कुजबुज सुरू झाली. मागून माळीदादा पुढे आले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, आताही चढला नाही.

“बाई, दर वर्षी मला वाटायचं माझंच पाणी घालायचं चुकतंय,” ते म्हणाले. “घरी झोप लागायची नाही मला. तुम्हाला एकदा येऊन बघावंसं वाटलं नाही?”

“नाही वाटलं,” मी म्हटलं. “वाटायला हवं होतं.”

त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. त्यांचं ते जाणं मला आजही लागतं. संचालकांनी ही संधी साधली. ज्या बाईंनी स्वतःच नऊ वर्षांचं नुकसान कबूल केलंय त्यांच्या शब्दावर योजना थांबवायची का, असं त्यांनी लोकांना विचारलं. प्रश्न बिनतोड होता आणि बऱ्याच माना हलल्या. ताईची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मला लॅबमधून काढून तळमजल्यावरच्या भांडारात बसवलं. मोडक्या खुर्च्या, गंजलेल्या फावड्यांचा ढीग, आणि एक लाकडी स्टूल. सहीचा अधिकार तात्पुरता पाणीवाल्यांना दिला. फवारणीची गाडी चार दिवसांनी येणार होती. शेवटचा हुकूम असा होता की मुळं तपासायची पद्धत मी त्यांना शिकवावी, म्हणजे पत्रक नियमाप्रमाणे भरता येईल. माझ्या वैऱ्याला माझ्याच भांड्यात शिजवायला शिकवायचं होतं. नाही म्हणायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मग विचार केला, दाखवायला काय हरकत आहे? डोळे तर त्यांचेच असणार.

मी त्यांना डोंगरावर नेलं आणि मुळं त्यांनाच खणायला लावली. त्यांच्या इस्त्रीच्या पँटला काटे लागले, मला बरं वाटलं. आमची मेलेली रोपंही त्यांनीच उपटली, आणि माझ्या कुंड्यांतली दोन हिरवी रोपं मी बरोबर घेतली. धुतलं त्यांनी, कापलं त्यांनी, उकळलं त्यांनी. मी स्टुलावर बसून फक्त वेळ सांगत होते. या वेळी त्यांनी विनोद केला नाही, कारण क्षाराच्या वाफेने त्यांचे डोळे झोंबत होते. मग ते मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. पहिली काच झाली, दुसरी झाली, पुन्हा पहिली लावली. तासाभराने त्यांनी विचारलं, हे तुमच्या कुंडीतलं म्हणजे आपल्याच झाडाचं मूळ ना? मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा बघितलं. मी एक शब्द बोलले नाही, आणि गप्प बसणं मला किती जड गेलं हे माझ्या ओळखीच्या माणसांना सांगायला नको.

त्यांनी हात धुतले, कोरं पत्रक उचललं आणि म्हणाले, चला. मी म्हटलं, कुठे? ते जिना चढायला लागले होते. संचालकांच्या टेबलावर त्यांनी ते पत्रक ठेवलं. सहीची जागा मोकळी होती. संचालकांनी आधी त्या मोकळ्या जागेकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाणीवाल्यांना काय पढवलं असं विचारलं.

“यांनी काही पढवलेलं नाही. यांचं माझं पटत नाही, सगळ्या इमारतीला माहीत आहे,” पाणीवाले म्हणाले. “पण मी ते बघितलंय. आता न बघितल्यासारखी सही मला करता येणार नाही.”

संचालक म्हणाले की या कार्यालयात सही करू शकेल असं तिसरं माणूस नाही, आणि याचा अर्थ त्यांना कळतो ना?

“कळतो,” पाणीवाले म्हणाले. “खालच्या भांडारात आणखी एक स्टूल मावतं. मी जागा बघून आलोय.”

आठवडाभर आम्ही दोघं भांडारात बसलो. ते चहा घेताना फार आवाज करतात हे मला तिथे कळलं. फवारणीची गाडी सहीशिवाय दारातून आत घेता आली नाही आणि ती भरल्या टाक्यांनिशी परत गेली. संचालकांनी मोठ्या कार्यालयाला लिहिलं, मोठ्या कार्यालयाने तज्ज्ञ पाठवतो म्हणून कळवलं, आणि तज्ज्ञाची तारीख ठरेपर्यंत पश्चिमेचं वारं सुटलं. माळीदादा अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण शेडच्या भिंतीवरचा कागद त्यांनी काढून टाकलाय आणि पिंप उलटं करून ठेवलंय, हे मी स्वतः जाऊन बघितलं.

वारं जोरात चालू असताना एका दुपारी मी ताईकडे गेले. डोंगरावर बिनबोलावली आडवी होत होती आणि पुन्हा उभी राहत होती, आणि राख जिथल्या तिथे होती. ताईने दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत तोंडावर बोट ठेवलं. आतल्या खोलीत भावोजी आडवे झोपले होते. खिडकीला फडकं नव्हतं.

“त्यांना उठवू नकोस,” ताई हळूच म्हणाली. “आणि माझ्या दारातलं ते झुडूप मी सकाळीच उपटलंय, आधीच सांगून ठेवते.”